मदत हवी आहे : मायक्रोवेव्ह आणि ग्रिल चालतात, पण कन्व्हेक्शन १२० अंशांपुढे जात नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २८ लिटरचा कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजणारा) मायक्रोवेव्ह आहे. तो २०१७ साली घेतला असल्यामुळे त्याची वॉरंटी केव्हाच संपली आहे. मी त्यात नानकटाई, रव्याचा केक आणि कणकेचा पाव करते, शिवाय दिवाळीच्या आधी महिनाभर ओळखीच्या घरांच्या ऑर्डरीही घेते. त्यामुळे हा बिघाड माझ्यासाठी किरकोळ नाही.

तीन आठवड्यांपासून केक मध्यभागी कच्चा राहू लागला. साहित्य, डबा, १८० अंश सेल्सिअस आणि ३५ मिनिटे हे सगळे नेहमीचेच होते. सुरुवातीला मी बेकिंग पावडरला दोष दिला, पण नवे पाकीट आणूनही फरक पडला नाही. मग ओव्हनमध्ये ठेवायचा धातूचा तापमापक आणला आणि फक्त कन्व्हेक्शनवर चालवून पाहिले, तेव्हा काटा १२० अंशांपर्यंत चढला आणि त्यानंतर तासभर १०५ ते १२५ यांच्यातच खालीवर होत राहिला. प्रीहीट पूर्ण झाल्याची शिट्टी वाजलीच नाही आणि पडद्यावरचे प्रीहीटचे चिन्हही गेले नाही. मायक्रोवेव्हवर दूध पूर्वीइतक्याच वेळात तापते, ग्रिलवर पनीर नीट भाजले जाते, आतला दिवा आणि तबकडी चालू असते, पंख्याचा आवाजही येतो.

विजेचे माप घ्यायला माझ्याकडे वेगळे उपकरण नाही, म्हणून घरातले बाकी सगळे बंद करून मी महावितरणच्या मीटरवरचा लाल दिवा मोजला. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असे छापलेले आहे. कन्व्हेक्शन सुरू केल्यावर मिनिटाला ७८ वेळा दिवा लुकलुकला, म्हणजे साधारण १४६० वॅट. चार मिनिटांनी ओव्हनच्या मागच्या बाजूने ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि लुकलुक एकदम मिनिटाला ४ वर, म्हणजे ७५ वॅटच्या आसपास आली. सहा-सात मिनिटांनी पुन्हा ‘टक्’ होऊन ती ७८ वर गेली. हेच चक्र तासभर चालले.

घरी आलेल्या तंत्रज्ञांनी झाकण न उघडताच ‘पीसीबी गेला आहे’, म्हणजे ओव्हन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला आहे, असे सांगितले आणि ६५०० रुपयांचा अंदाज दिला. मला ते पटत नाही. पडदा शेवटपर्यंत प्रीहीटच दाखवत असेल, तर बोर्डाच्या लेखी ओव्हन अजून तापायचा आहे आणि तो हीटर चालूच ठेवू पाहतो आहे. मग हीटर बंद करणारा दुसरा कोणीतरी असला पाहिजे. माझा हा तर्क बरोबर आहे का, आणि बोर्ड बदलण्याआधी तंत्रज्ञांना नेमके काय तपासायला सांगावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

ताई, तुमचा तर्क योग्य दिशेने चालला आहे, आणि मीटरची लुकलुक मोजलीत हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे अर्धे निदान झाले आहे. १४६० वॅट ओढले जातात याचा अर्थ हीटरची कॉइल शाबूत आहे आणि बोर्डावरचा रिले (विजेवर चालणारा खटका) तिला वीज देतो आहे. थर्मिस्टर, म्हणजे बोर्डाला तापमान कळवणारा भाग, खऱ्याहून जास्त तापमान सांगत असता, तर बोर्डाने ‘तापले’ असे समजून शिट्टी दिली असती. त्यामुळे मागच्या बाजूच्या ‘टक्’ आवाजावरून माझा पहिला संशय थर्मल कट-आउटवर जातो. हा हीटरच्या घरट्याजवळ बसवलेला, दोन धातूंच्या पत्रीचा लहानसा खटका असतो. जागा ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की तो सर्किट तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो.

आता तो का पडतो, हा खरा प्रश्न आहे. अशा ओव्हनमध्ये दोन पंखे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक मॅग्नेट्रॉनला (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या भागाला) थंड ठेवणारा, जो सगळ्याच मोडमध्ये चालतो आणि ज्याचा आवाज तुम्ही ऐकता आहात; दुसरा मागच्या जाळीआड, हीटरच्या कड्याच्या मधोमध बसवलेला कन्व्हेक्शनचा पंखा. हा दुसरा थांबला, तर उष्णता हीटरभोवतीच कोंडते, कट-आउट पडतो आणि आतल्या पोकळीत मात्र पुरेशी गरम हवा पोहोचतच नाही. १२० वर अडकणे आणि चार मिनिटांत ‘टक्’ होणे ही दोन्ही लक्षणे त्याच्याशी जुळतात.

हे घरच्या घरी, झाकण न उघडता पाहता येईल. ओव्हन पूर्ण थंड असताना लोखंडी स्टँडला वीतभर सुती दोरा बांधा, फक्त कन्व्हेक्शन लावा आणि काचेतून एकच मिनिट पाहा. स्टँड फिरत मागच्या जाळीसमोर आला की दोरा जोरात फडफडला पाहिजे. तो नुसता लोंबत राहिला, तर पंखा थांबलेला आहे. मिनिट झाले की बंद करून दोरा काढून टाका. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशनवर (मायक्रोवेव्हसोबत कन्व्हेक्शन किंवा ग्रिल) हे चुकूनही करू नका. तुमचा धातूचा तापमापकही त्या मोडमध्ये आत ठेवू नका.

बाहेरचे झाकण मात्र आपण स्वतः उघडायचे नाही. आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) २००० व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. त्यांना सांगा की कपॅसिटर रिकामा केल्यावर पंख्याचे पाते आधी हाताने फिरवून पाहा, मग मोटरची वायंडिंग (आतले तारेचे वेटोळे) तपासा, मग हीटरचा रोध मोजा. १४०० वॅटच्या कॉइलसाठी तो ३८ ओहमच्या आसपास यायला हवा. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो : कोणी ‘कट-आउट डायरेक्ट करून देतो, स्वस्तात काम होईल’ म्हणाले, तर तिथेच नकार द्या. पंखा बंद आणि कट-आउट काढलेला, अशा ओव्हनमध्ये हीटरला आवरणारे काही उरत नाही, आणि त्यातून आग लागू शकते.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. त्याच संध्याकाळी दोरा बांधून पाहिला आणि तो जाळीसमोर येऊनही जराही हलला नाही. दुसऱ्या एका तंत्रज्ञांना बोलावून आपण दिलेला क्रम जसाच्या तसा सांगितला. मागचे आवरण काढल्यावर पाते बोटाने ढकलूनही जेमतेम पाव फेरा फिरत होते. वायंडिंग ठीक होती, पण उष्णतेने मोटरच्या बुशमधले (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यातले) तेल सुकून काळी चिकट राळ झाली होती. ‘थोडे तेल सोडून पाहू’ असे ते म्हणाले, पण त्या जागेच्या उष्णतेत साधे तेल जळून त्याचा वास पदार्थांना लागेल असे वाटल्यामुळे मी मोटरच बदलून घेतली. मजुरीसह १९०० रुपये झाले. हीटरचा रोध ३७ ओहम आला.

आता प्रीहीटच्या पूर्ण ९ मिनिटांत लुकलुक ७८ वरून हलत नाही, शिट्टी वाजते, आणि तापमापक १७५ ते १८५ यांच्यामध्ये राहतो. काल नानकटाईचे दोन घाणे काढले, दोन्ही खालून एकसारखे बदामी झाले. एक शंका राहते : इतके आठवडे पुन्हा पुन्हा पडलेला कट-आउट तसाच ठेवावा का?

प्रतिसाद

बदलून घ्या. ६ अँपिअरच्या वर प्रवाह वाहत असताना तो शेकडो वेळा उघडला आहे, त्यामुळे त्याचे संपर्कबिंदू जळून खडबडीत झालेले असू शकतात. असा खटका कधी जोडेनासा होतो, तर कधी चिकटून बसतो आणि गरज असताना उघडतच नाही. जुन्याच्या अंगावर तापमान आणि अँपिअर कोरलेले असतात, नवा त्याच आकड्यांचा घ्या. दुकानदार त्याहून जास्त तापमानाचा देऊ लागला, तर घेऊ नका.