मदत हवी आहे: बाईंच्या कॅसेटचा सूर उतरलेला येतोय
आमच्या चर्चमध्ये आयुष्यभर ऑर्गन वाजवणाऱ्या, आम्हा कितीतरी जणांना पियानो शिकवणाऱ्या बाई नव्वदी पार करून गेल्या. स्मरणसभेत त्यांचंच पियानोवादन ऐकवायचंय. एकच सी-90 कॅसेट आहे. सुरुवातीला पान उलटल्याचा आवाज आणि त्यांचं हळू आवाजातलं "एक, दोन, तीन" ऐकू येतं, ते मला अजिबात गमवायचं नाही.

हेड साफ करून दोन वेगवेगळ्या डेकवर वाजवली, 24 बिट वेव्ह ध्वनिफाइलमध्ये घेतली. दोन्हीकडे मधल्या सीच्या वरचा ए (वाद्यं जुळवायचा प्रमाण स्वर) 440 ऐवजी 425 हर्ट्झला. मागे विजेची गुणगुण आहे, ती 50 ऐवजी 49.4 ला. टेप थांबवली की गुणगुण जाते, म्हणजे ती मूळ रेकॉर्डिंगमधलीच. यावरून टेप सव्वा टक्काच मंद दिसते. उरलेला जवळपास 40 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पियानोच उतरलेला असल्यामुळे असावा.

अडचण अशी की शेवटच्या गीताला रेकॉर्डिंगसोबत ऑर्गनही वाजणार आहे आणि तो 440 ला आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी 1.2 टक्के वेग वाढवून उरलेलं, लय तशीच ठेवून, फक्त पिच (स्वराची उंची) बदलून भरलं, तर पियानोच्या स्वराचा सुरुवातीचा आघात बिघडेल का? की सगळा फरक वेगातूनच काढावा, बाईंची लय थोडी जलद झाली तरी?