मदत हवी आहे: एसएसडी टाकल्यापासून सुट्टीनंतरच्या सकाळी निळा स्क्रीन, साटा मोड आपोआप बदलतोय

उद्यमनगर_लेथ:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. सीएनसी लेथला प्रोग्रॅम पाठवायला एक जुना पीसी ठेवलाय. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-२१००, ४ जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज ७. बोर्डावरच सिरीयल पोर्ट आहे आणि लेथची केबल थेट त्यात जाते. प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर ज्यांनी बसवून दिलं त्यांनी तो धंदा कधीच बंद केला. सीडी नाही, लायसन्सची कीही नाही. त्यामुळे ‘फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका’ हा मार्ग माझ्यासाठी बंद आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

५०० जीबीच्या हार्ड डिस्कचे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढायला लागले म्हणून २४० जीबीची एसएसडी आणली. सी पार्टिशन लहान करून क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली. पहिल्याच झटक्यात बूट झालं, सॉफ्टवेअरही लायसन्ससकट चाललं. त्याच वेळी पीसी ऑफिसातून हलवून लेथशेजारच्या नव्या टेबलावर ठेवला, म्हणजे मामांना (आमचे ऑपरेटर) सारखं आत-बाहेर करायला नको.

त्यानंतरच्या आठवडी सुट्टीनंतर सकाळी पीसी लावला तर विंडोजच्या लोगोचे चार रंग नीट जुळायच्या आत निळा स्क्रीन आणि रिस्टार्ट. एफ८ दाबून ऑटो रिस्टार्ट बंद केलं तेव्हा कोड वाचता आला: स्टॉप ७बी. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग) बघतो तर साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवर. तो नव्या पद्धतीवर, एएचसीआयवर केला, सेव्ह केलं, पीसी सुरळीत. आठवडाभर रोज बंद-चालू होतो, काही तक्रार नाही. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा निळा स्क्रीन, पुन्हा मोड आयडीईवर. बायोसला कुणी हात लावत नाही, मामांना त्यात जाताही येत नाही.

एसएसडीचाच दोष असेल म्हणून निळा स्क्रीन आलेला असतानाच जुनी हार्ड डिस्क लावून बघितली. तिच्यावरही तोच ७बी. इथं माझी मती गुंग झाली. दुकानदार म्हणतो जुन्या बोर्डाला एसएसडी मानवत नाही. वडील म्हणतात जुनीच लाव, ती निदान चालत होती.

आणखी एक, याचा संबंध आहे का माहीत नाही. मामा म्हणतात, नवीन सेव्ह केलेले काही प्रोग्रॅम यादीत शोधून सापडत नाहीत. तारखेनुसार यादी लावली तर ते पार तळाला जातात, त्यांच्यावर २०११ साल दिसतं.

मोड बदलतो कोण? आणि हे कायमचं थांबवायचं कसं?

क्लोनवाला:

भावा, क्लोन करताना बूट सेक्टर अर्धवट आला असणार. पुन्हा क्लोन कर, नाहीतर दुसऱ्या कंपनीची एसएसडी लाव.

साधा_सोल्डर:

क्लोन पुन्हा करू नका. जुनी डिस्क लावून बघितलीत ते फार बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. क्लोन न केलेली मूळ डिस्कही तोच कोड देते, म्हणजे एसएसडी आणि क्लोन दोन्ही यातून सुटले.

उरलेलं निम्मं उत्तर २०११ मध्ये आहे. तारीख आणि साटा मोड एकत्रच मागे जातायत. बोर्डावर सीआर२०३२ नावाची, रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते. पीसीला वीज नसताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग तिच्या जिवावर टिकतात. ती उतरली की बोर्ड आपल्या मूळ सेटिंगवर जातो आणि त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांत मूळ सेटिंग आयडीई असते.

दोन गोष्टी विचारून सांगा. सुट्टीच्या दिवशी नव्या टेबलाचा प्लग चालू असतो का? आणि त्या सकाळी लोगोच्या आधी काळ्या स्क्रीनवर काही ओळ येते का?

उद्यमनगर_लेथ:

दादा, मामांना विचारलं. ‘व्हय, त्या दिवशी काहीतरी इंग्रजीत येतंय, एफ१ दाबलं की पुढं सरकतंय’ म्हणाले. आणि नव्या टेबलाचा स्विचबोर्ड शॉपच्या मेन स्विचवर आहे. सुट्टीला मेन पाडूनच कुलूप लावतो. ऑफिसात असताना पीसी यूपीएसवर होता आणि तो यूपीएस कधीच बंद होत नसे.

साधा_सोल्डर:

मग झालं निदान. रोज शटडाऊन करता तेव्हा प्लग चालू असतो, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बोर्डाला थोडी स्टँडबाय वीज देत राहतो आणि बॅटरीवर वेळच येत नाही. बॅटरी कदाचित ऑफिसातच संपली असेल, यूपीएसमुळे कळलं नाही. एसएसडी टाकणं आणि टेबल बदलणं एकाच वेळी झालं म्हणून आळ एसएसडीवर आला.

आता ७बी का येतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाऊल डोळसपणे पडेल. सुरुवातीला विंडोजच्या फाइली बायोसच्या मदतीनं डिस्कवरून वाचल्या जातात, म्हणून लोगो दिसतो. पुढे कर्नल (विंडोजचा गाभा) स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्कशी बोलायला जातो. तुमचं विंडोज एएचसीआय मोडमध्ये बसवलेलं आहे, त्यामुळे बूटच्या वेळी एएचसीआयचाच ड्रायव्हर उठतो. कंट्रोलर आयडीई होऊन समोर आला की ज्या डिस्कवरून आपण आलो तीच विंडोजला सापडत नाही. ७बी म्हणजे तेच. डेटाला यात काही होत नाही.

बॅटरी बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः सिरीयल पोर्टचं पान, तिथला पत्ता बदलला तर लेथशी बोलणं बंद होईल. मग प्लग काढून बॅटरी बदला, अधिक खुणेची बाजू वर. जुनी मल्टिमीटरवर मोजा, नवी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. नंतर तारीख, साटा मोड आणि बूट ऑर्डर फोटो बघून पुन्हा लावा.

शिवाय एक राखीव सोय करून ठेवा. रेजएडिट (विंडोजची रेजिस्ट्री बदलायचं साधन) उघडा, एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस असं आत जा. तिथं पीसीआयआयडीई, इंटेलआयडीई आणि अटॅपी अशी तीन नावं आहेत. तिन्हींची स्टार्ट व्हॅल्यू किती आहे ते टिपून घ्या, प्रत्येक फोल्डर एक्स्पोर्ट करा आणि मग व्हॅल्यू ० करा. एमएसएएचसीआय आधीच ० असेल, त्याला हात लावू नका. यानं दोन्हीकडचे ड्रायव्हर बूटला तयार राहतात. उद्या मोड पुन्हा घसरला तरी पीसी उठेल आणि काम अडणार नाही. हे विंडोज ७ पुरतं आहे. विंडोज १० ला एएचसीआयच्या ड्रायव्हरचं नाव वेगळं आहे आणि तिथं बीसीडीएडिट कमांडनं सेफ मोड लावून मोड बदलणं सोपं पडतं.

रंकाळा_नेट:

मध्येच विचारतो. एच६१ वर एएचसीआयचा एवढा आग्रह कशाला? आयडीईवरच ठेवून दिलं तर?

साधा_सोल्डर:

चालेल की. एच६१ चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच, म्हणजे एसएसडी कितीही भारी असली तरी सेकंदाला ३०० एमबीच्या खालीच राहणार. एएचसीआयचा मुख्य फायदा एनसीक्यू, एका वेळी ३२ मागण्या रांगेत लावता येतात. प्रोग्रॅम पाठवणाऱ्या पीसीवर एवढ्या मागण्या येतच नाहीत. ट्रिमही (पुसलेल्या जागेची खबर एसएसडीला देणारी आज्ञा) विंडोज ७ च्या स्वतःच्या आयडीई ड्रायव्हरमधून जातं. इथं खरा वेग आलाय तो डोकं फिरवत बसणारी डिस्क गेल्यामुळे. तरी चालत्या विंडोजला ज्या मोडची सवय आहे तोच ठेवावा, असं माझं मत.

उद्यमनगर_लेथ:

कळवायला थोडा उशीर झाला, सुट्टी जाऊ द्यायची होती. जुनी बॅटरी २.१ व्होल्ट दाखवत होती. राजारामपुरीतून नवी आणून बसवली. फोटो काढून ठेवले म्हणून बरं, सिरीयल पोर्टचा पत्ता खरंच बदललेला निघाला, तो पूर्ववत केला. मेन पाडून सुट्टी घालवली. सकाळी मामांनी पीसी लावला, एफ१ ची ओळ नाही, तारीख बरोबर, मोड एएचसीआय.

रेजिस्ट्रीत पीसीआयआयडीई आणि इंटेलआयडीई दोन्ही ३ वर होते. ० केल्यावर मुद्दाम आयडीई लावून बघितलं. पीसी बूट झाला, नवीन ड्रायव्हर बसवल्याचं सांगून एक रिस्टार्ट मागितला, बाकी काही नाही. मग परत एएचसीआयवर आणून लेथला एक मोठा प्रोग्रॅम पाठवला, नीट गेला.

२०११ च्या फाइली मामांसोबत बसून वेगळ्या काढल्या. त्यातले दोन प्रोग्रॅम चालू ऑर्डरचे होते आणि मामा ते नव्यानं टाइप करायला बसणार होते. साधा_सोल्डर दादा, मनापासून आभार. वडिलांनाही दाखवलं, एसएसडी परत करायचा विषय संपला. धाग्यावर ‘सुटला’ अशी खूण करतोय.