मदत हवी आहे: टेबलातल्या रेडिओ बटणांची निवड सर्व्हलेटमध्ये कशी वाचावी?

नमस्कार मंडळी,
जावामधलं जेएसपी (वेबपान तयार करणारा भाग) आणि सर्व्हलेट (फॉर्म आल्यावर सर्व्हरवर चालणारा कोड) वापरून हजेरीचं पान करतोय. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर हजर, गैरहजर, रजा अशी तीन रेडिओ बटणं, ओळी लूपमधून तयार होतात. सगळ्यांना एकच नेम (फॉर्ममधलं बटणाचं नाव) दिलं तर अख्ख्या टेबलात एकच बटण निवडता येतं, म्हणून नेममध्ये विद्यार्थ्याचा आयडी जोडलाय: 'स्टेटस_१०१' असं.

आता सर्व्हलेटमध्ये गेटपॅरामीटरमॅप (फॉर्ममधून आलेली सगळी नावं आणि त्यांची मूल्यं) घेऊन 'स्टेटस_'ने सुरू होणाऱ्या कीज, म्हणजे नावं, शोधायच्या, की डेटाबेसमधून आयडींची यादी पुन्हा आणून एकेकासाठी गेटपॅरामीटर (एका नावाचं मूल्य देणारी मेथड) वापरायचं? मला दुसरी पद्धत भरवशाची वाटते. ज्या ओळीत काहीच निवडलं नाही तिचं पॅरामीटर ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे मॅपमध्ये ती ओळ दिसणारच नाही. यादीवरून गेलं तर नल (म्हणजे मूल्यच नाही) मिळतो आणि राहिलेली ओळ लगेच सापडते. कोणी मुद्दाम भलताच आयडी पाठवला तरी तो आपोआप गळतो. पण त्यासाठी दरवेळी जादा क्वेरी मारणं योग्य आहे का?

शिवाय एरर दाखवून पान परत देताना आधीच्या निवडी टिकायला हव्यात. 'चेक्ड'साठी (बटण निवडलेलं दाखवण्यासाठी) तीच अट तिन्ही बटणांवर लिहावी लागतेय. जेएसटीएलमध्ये (जेएसपीसाठीच्या तयार टॅग्जमध्ये) हे सुटसुटीत कसं करता येईल? स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क या प्रोजेक्टमध्ये घेता येणार नाही. कोणी असं पान केलं असेल तर कोडचा नमुना द्याल का?