मदत हवी आहे: बेथोव्हेनची पाचवी शेवटी शेवटी फाटते

मंडळी, जुन्या बाजारातून बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची एलपी (ग्रामोफोनची मोठी तबकडी) आणली. पहिली बाजू सुरेख वाजते. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या भागातून न थांबता चौथा सुरू होतो, तो टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) दबका ठोका आणि मग एकदम सी मेजर (पाश्चात्त्य स्वरसप्तक)! अंगावर काटा येतो. पण पुढे सुई लेबलच्या जवळ गेली की ट्रॉम्बोन आणि व्हायोलिन्स खरखरायला लागतात. आई म्हणते, कोणी पातेलं घासतंय का?

वाचलंय ते असं: तबकडी मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, पण बाहेर सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच सरकते आणि आत जेमतेम 20-21. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबलेला. आणि बेथोव्हेनने सगळा दणका नेमका शेवटालाच ठेवलाय! गाण्यांच्या एलपीवर हे एवढं जाणवत नाही.

तबकडी धुतली. सुईचा दाब 2 ग्रॅम आहे, अँटिस्केटिंगही (सुई आत ओढली जाऊ नये म्हणूनचा उलटा ताण) तेवढंच. सुई कोनिकल (गोल टोकाची), प्लेअरसोबत आलेली, किती वाजली आहे देव जाणे. प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) लावून कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) अजून तपासलेली नाही.

आधी काय करू? एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई घेऊन फरक पडेल, की कार्ट्रिजची अलाइनमेंटच (नीट कोनात बसवणं) बघू? आणि आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खाचाच खराब केल्या असतील, तर ते ओळखायचं कसं? दुसरी सिंफनीची तबकडी नाही हो माझ्याकडे ताडून बघायला.