शिरेतून इंजेक्शन घेणारी मुलं ड्रेसिंगला येतात, नर्सने काय करावं?

सिस्टर_तासगाव
ग्रामीण रुग्णालयात कोपराच्या खाचेत गळू झालेली मुलं येतात. बहुतेक मेफेंटरमिन (बीपी वाढवायचं उत्तेजक इंजेक्शन) घेणारी, जिममधली नाहीतर भरतीची तयारी करणारी. डॉक्टर चिरा देऊन पू काढतात, आम्ही पट्टी बांधतो. 'परत घेऊ नकोस' म्हटलं की पुढच्या ड्रेसिंगला मुलगा फिरकत नाही. आमच्या हातात आणखी काय आहे? सुया देता येतात का?

मिरज_सर्जिकल
सिस्टर, आधी जखम नीट बघा. पू साचलेलं गळू नुसत्या अँटिबायोटिकवर बसत नाही, ते मोकळं करावंच लागतं. पण जांघेतली सूज ठणठण उडत असेल तर चिरा देऊ देऊ नका. ती फुगलेली धमनी असू शकते, आधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फार जास्त असेल, कातडी काळवंडली किंवा दाबल्यावर कुरकुरली, तर ड्रेसिंगची वाट न बघता सिव्हिलला. ताप आणि धाप असेल तर हृदयाच्या झडपेचा संसर्ग मनात ठेवा, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्या. धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारा, हेपटायटिस बीची ०, १, ६ महिने अशी सुरू करून द्या.

सातारा_समुपदेशन
'परत घेऊ नकोस'ऐवजी 'बाटली कोणाकोणात असते?' असं विचारा. मेफेंटरमिनची बाटली बहुतेक १० मिलीची, म्हणजे एका वेळेची नाही. चौघे एकाच बाटलीतून ओढतात. प्रत्येकाची सुई वेगळी असली, तरी एकाने टोचून घेतलेलीच सुई पुन्हा रबरी बुचात घातली की त्याचं रक्त बाटलीत गेलं. मुलं शपथेवर सांगतात, 'मॅडम, सुई माझीच होती,' आणि ते खरंही असतं. हेपटायटिस सी नेमका इथून पसरतो. पातळ करायचं पाणी, कापूस, चमचा यांतूनही पसरतो. म्हणून दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज, बाटली आपली एकट्याची, टोचायच्या आधी हात आणि कातडी साबणाने धुवायची. सिरिंज ब्लीचने धुतली तरी खात्री नाही, हे स्पष्ट सांगा.

एचआयव्हीची चाचणी त्याच्या संमतीनेच, आयसीटीसीत म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रात. हेपटायटिस सीची अँटिबॉडी आली म्हणजे आजार आहेच असं नाही, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी) करावा लागतो. आजार निघाला तर राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या मोफत आहेत, साधारण १२ आठवडे.

सिस्टर_तासगाव
बुचाचं कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि सुयांचं?

सातारा_समुपदेशन
२०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ सुया-सिरिंज देण्याला आणि ओएसटीला (अफूगटाच्या नशेऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देण्याला) संरक्षण देतं. पण स्टोअरमधून परस्पर देऊ नका. वाटप एड्स नियंत्रणाच्या लक्ष्यगट प्रकल्पांतून होतं, तेव्हा डापकूला (जिल्हा एड्स नियंत्रण कक्षाला) विचारा. वापरलेल्या सुया परत आणायला मात्र आजच सांगा, टोपण न लावता जाड डब्यात. टोपण लावतानाच बोट टोचतं.

ओएसटी_नर्स
मेफेंटरमिनवाल्याला ओएसटीचा उपयोग नाही, ते औषध अफूगटातलं नाही. छातीत दुखलं, धडधड वाढली तर ईसीजी आणि बीपी, नालोक्सोन (अफूगटावरचा उतारा) नव्हे. ब्राउन शुगर (हेरॉईन) किंवा दुखण्याची अफूगटातली इंजेक्शनं घेणाऱ्याला मात्र ओएसटीतलं ब्युप्रेनॉर्फिन चालतं. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत नर्सने समोर उभं राहायचं, गिळली तर फारशी लागत नाही. नशा उतरल्यावरचा त्रास (विथड्रॉवल) सुरू होण्याआधी पहिला डोस दिला तर तो एकदम उफाळतो आणि पेशंट परत येत नाही. सोबत दारू आणि झोपेच्या गोळ्या घेतो का, ते रोज विचारा.

अफूगटाच्या ओव्हरडोसमध्ये बाहुल्या टाचणीएवढ्या आणि श्वास मंद. आधी श्वास द्या, मग नालोक्सोन ०.४ मिग्रॅ स्नायूत, २-३ मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. शुद्धीवर आला म्हणून घरी सोडू नका. नालोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, नशेचा टिकतो, श्वास पुन्हा बंद पडू शकतो. कळंबा तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच सुटलेल्याला हे आवर्जून सांगा: शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस आता जीव घेतो.