लोडर बकेटची वाकलेली कड घरच्या शेडमध्ये सरळ होईल का?

प्रश्न: कटिंग एज (बकेटची पुढची खोदणारी कड) मधोमध ३० मिमी आत गेलीय, डाव्या कानाजवळ (पिन बसते त्या भोकाच्या पट्टीजवळ) तडाही आहे. २० टनी जॅक, गॅस टॉर्च आणि आर्क वेल्डिंग आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी तडा नको, वाक काढा. वेल्ड करून मग ओढलं की जोड पुन्हा फाटतो. कडेच्या मागे, बकेटच्या आत जाड आय-बीम ठेवा, त्याची टोकं कडेच्या टोकांना साखळीने बांधा, मध्ये बीम आणि कडेच्यात जॅक, म्हणजे वाक बाहेर ढकलला जाईल. माइल्ड स्टील असेल तर वाकलेला भागच मंद लाल, साधारण ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवा. जॅक सोडल्यावर धातू थोडा मागे येतो, म्हणून जरा जास्त ढकला. पाणी ओतू नका. आणि ताणाखालच्या साखळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

उत्तर २: थांबा, कड हार्डॉक्सची (झिजेला टिकणाऱ्या कडक पोलादाची) असेल तर टॉर्च दूरच. २५० अंशांपुढे कडकपणा जातो. थंडच ढकला, नाहीतर बदला.

उत्तर १: बरोबर. तड्याच्या टोकांना ६ मिमी भोक, मग ग्राइंडरने व्ही खाच, कोरड्या ७०१८ रॉडने (लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड) भरा. दोन्ही कानांतून पिन घालूनच वेल्डचे छोटे टाके मारा, नाहीतर पिनची भोकं एका रेषेत राहणार नाहीत.