काठेवाडी गुरांनी हरभरा खाल्ला, भरपाई कशी घ्यायची? (तातडीने मदत हवी)

घाटेभरला_यवतमाळ: रात्रीतून दीड एकर साफ. गुजरातेतून गुरं घेऊन चरायला येणाऱ्या काठेवाडींची शंभरावर गुरं होती. पोलीस म्हणतात आपसात मिटवा. काय करू? लवकर सांगा.

तूरवाला: फोटो काढले का? गुरं धरली की हाकलली?

काळीमाती: पीकविमा आहे ना? लगेच कळवा, बाकी सोडा.

तूरवाला: पाळीव जनावरांनी चरलेलं पीक विम्यात बसत नाही हो, उगाच पळवू नका त्यांना. तलाठ्याकडून पंचनामा मात्र करून घ्या.

रात्रपाळी: सौर कुंपण लावा. माझ्याकडे दोन वर्षांत एक रानडुक्कर फिरकलं नाही.

घाटेभरला_यवतमाळ: डुक्कर नाहीत भाऊ, गाई आहेत! चार धरून गोठ्यात बांधल्यात. पैसे मिळेपर्यंत सोडत नाही.

जुना_कोतवाल: ही चूक करू नका. पशू अतिक्रमण कायदा आहे, १८७१ चा. पिकात शिरलेली गुरं तुम्ही धरू शकता, पण २४ तासांत कोंडवाड्यात घालावी लागतात. घरी डांबलीत तर तक्रार तुमच्यावर उलटेल. भरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो, तिथे पंचनामा कामी येईल. धरून किती तास झाले?

घाटेभरला_यवतमाळ: कोंडवाड्याच्या भिंती पडल्यात. तिथे सरपंचाची ट्रॉली उभी असते.

जुना_कोतवाल: मग ग्रामसेवकाला आजच लेखी द्या, पोच घ्या. तास किती झाले ते सांगा आधी.

पांढरंसोनं: तालुक्याबाहेर हाकला सगळ्यांना. दरवर्षीची कटकट.

मेंढरामागं: वा! दिवाळीनंतर पऱ्हाटी (कापसाची झाडं) चारायला, शेणखतासाठी बोलावता तुम्हीच. यंदा कोणाच्या वावरात बसली होती गुरं?

घाटेभरला_यवतमाळ: चुलतभावाच्या. धुऱ्याला (बांधाला) धुरा आहे.

मेंढरामागं: त्याआधी?

घाटेभरला_यवतमाळ: चार दिवस माझ्या. पण ते ठरवून होतं. तो मुद्दा वेगळा.

मेंढरामागं: वेगळा कसा? म्हणजे त्यांचा मुखिया तुमच्या ओळखीचा आहे. चार माणसं बसवा, हरभऱ्याचे घाटे मोजून भरपाईचा आकडा ठरवा. तो पुढच्या वर्षी परत येणार आहे, बुडवणार नाही.

पांढरंसोनं: माझे बुडवले होते.

मेंढरामागं: लिहून घेतलं होतं का?

दूधदुभतं: गाई गीर आहेत का? विकणार असतील तर मला कळवा.

जुना_कोतवाल: अहो तास???

घाटेभरला_यवतमाळ: वीस. आणि त्यातली एक आत्ताच गोठ्यात व्याली. आता वासराचं काय?